मदत हवी आहे: महालक्ष्मी एक्सप्रेसचा फर्स्ट एसी, सवलत आणि आतली सोय

मंडळी, आईची किमो सुरू आहे. पुढच्या महिन्यात फेरतपासणीसाठी तिला कोल्हापूरहून मुंबईला, परळच्या टाटा हॉस्पिटलला न्यायचंय. आजवर थर्ड एसीनं गेलो. कॅन्सर रुग्णाला त्यात तिकीट माफ, सोबत्याला ७५ टक्के सवलत. पण गेल्या खेपेला डब्यातली वर्दळ आणि खोकणारी माणसं बघून जीव नुसता टांगणीला लागला होता. म्हणून यंदा फर्स्ट एसी. त्यात रुग्ण आणि सोबती दोघांनाही ५० टक्के सवलत मिळते. ज्येष्ठांची सवलत २०२० पासून बंदच आहे आणि फर्स्ट एसीला तत्काळ नसतं, त्यामुळं हाच मार्ग.

हॉस्पिटलचा सवलतीचा फॉर्म हातात आहे. शाहू टर्मिनसच्या खिडकीवर त्याच्यासोबत आणखी कोणते कागद मागतात?

दुसरं, दोघांचा कूपे मिळेल की चौघांची केबिन, हे चार्ट लागल्यावरच कळतं ना? कूपेसाठी आधी अर्ज कुठं द्यायचा? कुणाला असा मिळालाय का?

रात्री आईला दोन-तीनदा उठावं लागतं. टॉयलेट कमोडचं आणि स्वच्छ असतं का? एसी कमी करता येतो का? तिला गारठा अजिबात सोसत नाही. जेवण घरचंच नेणार आहे. दादरला सकाळी व्हीलचेअर मिळण्यासाठी काय करावं, तेही सांगा.