अंतराळ-चाहत्यांच्या मंडळासाठी बेळगाव, खानापूर, निपाणी भागातून सभासद कसे मिळवावेत?

प्रश्न – टिळकवाडीकर (बेळगाव)

नमस्कार. ‘स्टार ट्रेक’ या अंतराळप्रवासावरील मालिकेच्या आवडीतून आम्ही काही मित्रमैत्रिणींनी बेळगावात एक लहानसे मंडळ सुरू केले आहे. मालिका पाहणे आणि तिच्यावर बोलणे एवढ्यावर न थांबता अवकाशाचा प्रत्यक्ष अभ्यास करावा, निरीक्षणे घ्यावीत आणि त्यांच्या नोंदी ठेवाव्यात, असा आमचा मानस आहे. २३ ऑगस्ट २०२३ च्या सायंकाळी चांद्रयान-३ चंद्रावर उतरले, तेव्हा ज्या घरांत एरवी विज्ञानाचा विषयही निघत नाही, तेथेही लोक दूरदर्शनसमोर खिळून बसले होते. हे औत्सुक्य आपल्या भागात आहे, याविषयी मला शंका नाही.

अडचण अशी आहे की, आमच्याकडे येणारे जवळजवळ सर्वजण एकाच प्रकारचे आहेत: शहरात राहणारे, अभियांत्रिकी शिकणारे आणि बहुतेक मुलगेच. शिक्षण संपले की ते पुण्याला किंवा बेंगळुरूला निघून जातात आणि मंडळ पुन्हा रिकामे होते. खानापूर, हुक्केरी, निपाणी या बाजूंनी कोणीही येत नाही. वाचनालयांत सूचना लावून आणि व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप फिरवूनही फारसा उपयोग झालेला नाही. परदेशातील ‘स्टारफ्लीट’ हे चाहत्यांचे मंडळ १९७४ पासून चालू आहे. तेथे प्रत्येक शाखेला जहाज म्हणतात आणि सभासदांना पदे देतात. आपल्याकडे तशी रचना केल्यास लोक येतील का? की चाहतेपणाचा भाग बाजूला ठेवून केवळ खगोल मंडळ म्हणून लोकांपुढे जावे?

उत्तर – खानापूरची शिक्षिका

आपण ज्या मालिकेचा उल्लेख केला आहे, तिच्याशी संबंधित एक घटना आपल्या प्रश्नाला थेट लागू पडते. त्या मालिकेत उहुरा ही भूमिका करणाऱ्या निशेल निकोल्स यांना १९७७ मध्ये नासाने अंतराळवीरांच्या भरतीसाठी प्रचाराचे काम दिले. त्याआधीचे नासाचे सर्व अंतराळवीर गोरे पुरुष होते; स्त्रिया आणि कृष्णवर्णीय उमेदवारांचे अर्ज फारच कमी येत होते, कारण ही जागा आपल्यासाठी आहे असे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. निकोल्स देशभर फिरून अशा लोकांशी समोरासमोर बोलल्या. त्या भरतीला आठ हजारांवर अर्ज आले आणि १९७८ मध्ये निवडलेल्या ३५ जणांत सहा स्त्रिया होत्या. त्यांच्यापैकीच एक, सॅली राइड, १९८३ मध्ये अवकाशात जाणारी पहिली अमेरिकन स्त्री ठरली.

जे येत नाहीत त्यांच्याकडे आपण स्वतः जायला हवे, हा यातून मी घेतलेला बोध आहे. आपल्या मंडळाचे कार्यक्रम रात्री होत असतील, तर माझ्या वर्गातील मुली कधीही येणार नाहीत. त्यांना आवड नाही, असे मुळीच नाही. परंतु शेवटची बस गेल्यावर गावी परतायचे कसे, हा त्यांच्या आईवडिलांचा पहिला प्रश्न असतो आणि तो रास्त आहे. दिवसा करता येईल असे एखादे काम घेऊन आमच्या शाळेत या. पालकांची लेखी संमती घेण्याची जबाबदारी मी उचलते.

उत्तर – ओळंबा (निपाणी)

ताईंनी दिवसाच्या कामाचा विषय काढला आहे, म्हणून एक नेमकी सूचना करतो. मी जमीन-मोजणीच्या कामातून निवृत्त झालो आहे आणि नकाशा पाहण्याची सवय अजून सुटलेली नाही. खानापूर, बेळगाव, संकेश्वर, निपाणी आणि पुढे कोल्हापूर ही गावे जवळजवळ एका दक्षिणोत्तर रेषेवर आहेत. खानापूरचा अक्षांश सुमारे १५.६ अंश आणि निपाणीचा सुमारे १६.४ अंश आहे. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सूर्य उत्तरेकडे सरकताना या गावांच्या बरोबर डोक्यावर येतो. आधी खानापूर, मग बेळगाव आणि खानापूरनंतर साधारण अडीच-तीन दिवसांनी निपाणी. शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो हाच. ऑगस्टच्या पूर्वार्धात तो पुन्हा येतो, पण तेव्हा आपल्याकडे पावसाळी ढग असतात. मे महिन्यात वळवाचे ढग बहुधा दुपार कलल्यावर जमतात, त्यामुळे मध्यान्ही आकाश मोकळे मिळण्याची शक्यता चांगली असते.

आता मुख्य गोष्ट सांगतो. ज्या दिवशी खानापुरात सूर्य डोक्यावर असतो, त्याच मध्यान्ही निपाणीत तो पाऊण अंशापेक्षा किंचित अधिक कललेला असतो. हा कोन आणि दोन गावांमधील दक्षिणोत्तर अंतर, म्हणजे सुमारे ८५ किलोमीटर, एवढे हाती आले की पृथ्वीचा परीघ काढता येतो: पूर्ण वर्तुळाच्या ३६० अंशांत हा कोन जितक्या वेळा मावतो, तितक्या पटीने ते अंतर. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात एराटोस्थेनिसने इजिप्तमध्ये हीच रीत वापरली होती. अंतर मात्र नकाशावरून अक्षांशाच्या दिशेनेच मोजावे. महामार्गावरील किलोमीटरचे दगड येथे उपयोगाचे नाहीत.

काठीची सावली कडेला पुसट असते, म्हणून तिच्यावर विसंबू नये. एका फळीला तीन मिलिमीटरचे भोक पाडून ती जमिनीपासून बरोबर दोन मीटर उंचीवर पाणसळीत आडवी बसवावी, भोकातून ओळंबा (दोरीला टांगलेले वजन) सोडून खाली कागदावर त्याच्या टोकाची खूण करावी आणि मग ओळंबा काढून घ्यावा. फळीच्या सावलीत सूर्याचा गोल कवडसा पडतो. तो साधारण दोन सेंटीमीटर व्यासाचा असतो. दर पाच मिनिटांनी त्याच्या कडेने पेन्सिल फिरवून मध्य काढावा. आपल्या रेखांशावर त्या सुमारास मध्यान्ह साडेबाराला होते, तेव्हा बारा वाजून दहा मिनिटांपासून एक वाजायला दहा मिनिटे असेपर्यंत नोंदी घेतल्यास पुरे. कवडशांचे मध्य जोडणारी रेषा खुणेपासून कमीत कमी किती दूर आहे, ते मोजावे. हे अंतर खानापुरात जवळजवळ शून्य आणि निपाणीत सुमारे २७ मिलिमीटर येईल. भोकातून वर सूर्याकडे कोणीही, कोणत्याही कारणाने पाहू नये, हे मुलांना पुन्हा पुन्हा सांगावे लागेल.

या मापनात एका मिलिमीटरची चूक झाली, तर परिघात जवळजवळ दीड हजार किलोमीटरचा फरक पडतो. त्यामुळे प्रत्येक गावात एकच फळी असून चालत नाही. अनेकांनी स्वतंत्रपणे मोजून सरासरी काढली, तरच उत्तर विश्वासार्ह होते. टिळकवाडीकर, आपल्या प्रश्नाचे माझे उत्तर यातच आहे. जे काम बेळगावात बसून एकट्याने होऊच शकत नाही, ते हाती घ्या. मग निपाणीच्या माणसाला ‘आमचे सभासद व्हा’ अशी विनंती करावी लागत नाही. ‘तुमच्या अंगणातील माप आम्हाला हवे आहे’ एवढेच सांगावे लागते आणि ते खरेही असते. शिवाय तेव्हा शाळांना सुट्टी असते आणि मुले मामाच्या गावी गेलेली असतात, त्यामुळे शहरातील एक सभासद कुठल्या कुठे जाऊन तुमचे केंद्र उघडू शकतो.

उत्तर – शहापूरचा वाचक

वरील दोन्ही उत्तरे मला पटली. मात्र चाहतेपणा बाजूला ठेवू नये, असे माझे आग्रहाचे मत आहे. १९३० मध्ये न्यूयॉर्कमध्ये विज्ञानकथा लिहिणाऱ्या काही मंडळींनी ‘अमेरिकन इंटरप्लॅनेटरी सोसायटी’ स्थापन केली आणि १९३३ मध्ये त्यांनी स्वतः बांधलेले द्रवइंधनाचे रॉकेट उडवले. पुढच्याच वर्षी त्यांनी संस्थेचे नाव बदलून ‘अमेरिकन रॉकेट सोसायटी’ केले. कथेच्या वेडातून आलेले लोक कामाला टिकत नाहीत, हा समज या उदाहरणापुढे टिकत नाही. १९७६ मध्ये नासाच्या पहिल्या स्पेस शटल यानाला ‘स्टार ट्रेक’मधील जहाजाचे ‘एंटरप्राइज’ हे नाव मिळाले, तेही चाहत्यांनी पाठवलेल्या असंख्य पत्रांमुळेच.

पदे अवश्य द्या, पण ती कामावरून द्या. ज्याच्या नोंदी नीट आहेत, तो त्या गावाचा केंद्रप्रमुख. वर्गणी भरली म्हणून पहिल्याच दिवशी पद देणे मला योग्य वाटत नाही. त्याने लोक येतील, परंतु थांबणार नाहीत. आणखी एक सांगायचे म्हणजे, नोंदीचा तक्ता मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत छापा. हुक्केरीकडे शेजारीपाजारी मिळूनच असली कामे करतात. अर्ध्या गल्लीला वाचता न येणारा कागद घेऊन गेलात, तर अर्धी फळीच बसवल्यासारखे होईल.

प्रश्नकर्त्याकडून – टिळकवाडीकर

सर्वांचे मनापासून आभार. ताई, आपल्या शाळेसाठी फळी आणि ओळंबा आम्ही घेऊन येऊ आणि सुट्टी लागण्यापूर्वी एकदा सराव करून घेऊ. ओळंबा काका, तक्त्याचा कच्चा मसुदा आपण तपासून द्यावा, अशी विनंती आहे. कन्नड मजकूर आमच्या मंडळातील एक मैत्रीण लिहील. कोल्हापूरचे कोणी वाचत असेल, तर त्यांनीही सामील व्हावे. तेथील कवडसा खुणेपासून आणखी एक सेंटीमीटर दूर पडेल आणि कोन मोजणे अधिक सोपे होईल. खानापूर आणि निपाणी यांच्या मधला दुवा म्हणून संकेश्वरला अजून कोणी मिळालेले नाही.

उत्तर – संकेश्वर

आमच्या गिरणीमागे मोकळी फरशी आहे आणि तेथे दुपारी कोणाची वर्दळ नसते. फळी बसवणे मला जमेल. माझी पुतणी सातवीत आहे. तिने नोंदी घेतल्या तर चालतील का?