झॅबिक्स ५.० वरून ६.० वर नेल्यावर सर्व्हर चालूच होत नाही

प्रश्न: झॅबिक्सचा (सर्व्हर-नेटवर्कवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर) डेटाबेस मायएसक्यूएल ८ आहे. पॅकेज अपग्रेड बिनबोभाट झालं, पण सर्व्हर दर दहा सेकंदांनी बंद पडून पुन्हा उठतो. फ्रंटएंडवर (ब्राउझरमधल्या पानावर) 'सर्व्हर चालू नाही' असा इशारा. लॉगमध्ये एरर १४१९, सुपर प्रिव्हिलेज (मायएसक्यूएलमधला खास प्रशासकीय अधिकार) नाही म्हणे. डेटाबेस युजरला सगळे अधिकार द्यायचे का?

उत्तर: अजिबात नको. पहिल्यांदा सुरू होताना सर्व्हर स्वतःच डेटाबेसची रचना बदलतो आणि ६.० मध्ये त्यात ट्रिगर (डेटा बदलला की डेटाबेसमध्ये आपोआप चालणारा कोड) तयार होतात. बायनरी लॉग (डेटाबेसमधल्या बदलांची नोंद) चालू असेल तर साध्या युजरला मायएसक्यूएल ते करू देत नाही. सर्व्हर थांबवा, रूटने लॉगिन करून लॉग_बिन_ट्रस्ट_फंक्शन_क्रिएटर्स ग्लोबल १ करा, मग सर्व्हर सुरू करा. लॉगमध्ये अपग्रेडची टक्केवारी पुढे सरकताना दिसेल. १०० टक्के झाल्यावर तीच सेटिंग परत ०. मध्येच प्रोसेस मारू नका: मायएसक्यूएलमध्ये टेबलची रचना बदलली की रोलबॅक होत नाही, म्हणजे बदल मागे घेता येत नाही. 'डुप्लिकेट कॉलम' दिसलं, तर सरळ बॅकअप परत चढवून पहिल्यापासून. (बॅकअप आहे ना?)

प्रश्नकर्ता: आहे. झालं, सर्व्हर उठला! पण प्रॉक्सीमागच्या (सर्व्हरसाठी डेटा गोळा करून पाठवणारा मधला प्रोग्रॅम) होस्टचा, म्हणजे नजर ठेवलेल्या मशीनचा, डेटा येत नाही.

दुसरं उत्तर: प्रॉक्सी अजून ५.० वरच असणार. ६.० ला प्रॉक्सीही ६.० चीच लागते. प्रॉक्सी एसक्यूलाइटवर (एकाच फाइलमध्ये राहणारा छोटा डेटाबेस) असेल तर तिची डेटाबेस फाइल आपोआप अपग्रेड होत नाही. प्रॉक्सी थांबवून फाइल काढून टाका, नवी तयार होते. न पाठवलेला डेटा मात्र जातो. जुने एजंट (होस्टवर बसवलेले माहिती पाठवणारे प्रोग्रॅम) राहू द्या, चालतात.