गवतातील निळी फुलपाखरे: छायाचित्रावरून जात कशी ओळखावी?

प्रश्न (अंबाजोगाई)

सप्रेम नमस्कार. गेले दोन पावसाळे मी मुकुंदराज समाधीच्या परिसरातील उतारावर, कंबरमोडीच्या फुलांवर बसणारी नखाएवढी निळसर फुलपाखरे टिपत आहे. माझ्याकडे एपीएस-सी सेन्सरचा कॅमेरा आणि १०० मिमीची मॅक्रो लेन्स आहे. छायाचित्रे बरीच साठली, परंतु एकाखालीही मला खात्रीने नाव लिहिता आलेले नाही, कारण डोळा स्पष्ट आला की पंखाची कड धूसर होते आणि कड साधली की डोळा हरवतो. पेल, डार्क, लेसर आणि टायनी या ग्रास ब्लू फुलपाखरांच्या चार जातींमध्ये फरक कसा करावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर (परभणी)

आपली अडचण ओळखीची आहे. एकास एक प्रमाणात (सेन्सरवरील प्रतिमा फुलपाखराएवढीच असताना), एफ/८ या छिद्रमापावर, स्पष्टतेची खोली (चित्रात स्पष्ट येणारा पुढे-मागे भाग) एक मिलिमीटरही नसते; म्हणून मिटलेल्या पंखांना सेन्सर अगदी समांतर ठेवल्याशिवाय पूर्ण पंख स्पष्ट मिळत नाही. थोडे मागे सरकून निम्म्या प्रमाणात चित्र घ्यावे आणि नंतर कापावे, असे मी सुचवेन.

ओळख पंखांच्या खालच्या बाजूवरून करावी. पुढच्या पंखाच्या मध्यभागी एक आखूड आडवी रेघ चारही जातींत असते. त्या रेघेच्या आत, म्हणजे शरीराच्या बाजूला, आणखी एक ठिपका आहे का, हे प्रथम पाहावे. ठिपका असेल तर पेल किंवा डार्क, नसेल तर लेसर किंवा टायनी. लेसरमध्ये मागच्या पंखावरील ठिपक्यांच्या वक्र ओळीतला वरून दुसरा ठिपका ओळ सोडून आत सरकलेला असतो, तर टायनीच्या पुढच्या पंखाच्या वरच्या कडेजवळ बारीक काळे ठिपके दिसतात. मात्र बसलेल्या फुलपाखराचा मागचा पंख बहुधा रेघेच्या आतला हा निर्णायक ठिपका झाकतो. मध घेताना ते पुढचा पंख वर उचलेपर्यंत थांबणे हाच त्यावर उपाय आहे.

उत्तर (लातूर)

वरील उत्तरास दोन गोष्टी जोडतो. पेलच्या डोळ्यांवर केस असतात आणि डार्कचे डोळे गुळगुळीत असतात, म्हणून एक चित्र केवळ डोक्याचे घ्यावे. दुसरे, जवळपासच्या वनस्पतींचेही छायाचित्र ठेवावे: पेलच्या अळ्या आंबोशीवर वाढतात, तर डार्कच्या सराट्यावर आणि माठावर. याने जात सिद्ध होत नाही, पण दिशा मिळते. कोरड्या ऋतूत पेलच्या खालच्या बाजूचे ठिपके फिके पडतात, त्यामुळे ऑक्टोबर हातचा जाऊ देऊ नये.

एक कळकळीची विनंती. फुलपाखरू शांत बसावे म्हणून ते पकडून फ्रीजमध्ये ठेवण्याची पद्धत काही जण सांगतात. ती कृपया कोणीही वापरू नये. सकाळी ऊन चढण्यापूर्वी फुलपाखरे स्वतःच गवताच्या काडीवर गारठून बसलेली असतात, आणि तेव्हा ट्रेसिंग पेपरने मऊ केलेला फ्लॅश पुरेसा होतो.

प्रश्नकर्ता (अंबाजोगाई)

दोघांचेही मनःपूर्वक आभार. आज सकाळी साडेसहाला उतारावर गेलो. दवाने ओल्या काडीवर एक फुलपाखरू होते. त्याच्या काळ्यापांढऱ्या पट्ट्यांच्या शृंगिकेवर दवाचा एक थेंब लटकत होता. ऊन लागल्यावर ते मागचे पंख एकमेकांवर घासू लागले आणि पुढचा पंख वर सरकताच रेघेच्या आतला ठिपका स्वच्छ दिसला. डोळ्याच्या चित्रात केस दिसत नाहीत, शिवाय पायाखाली सराटा पसरलेला होता. मी ‘डार्क ग्रास ब्लू’ असे लिहिले आहे. जुन्या चित्रांपैकी ज्यांत तो भाग झाकलेला आहे, त्यांखाली आता केवळ ‘ग्रास ब्लू’ एवढेच ठेवतो.