थीम बदलायचीय: गुगलमध्ये वर येईल आणि जाहिरातींनाही जागा देईल अशी कोणती?

सुटी_चेन

नमस्कार मंडळी. सायकल दुरुस्तीवर माझी वर्डप्रेसची साइट आहे. चाकाचा आउट काढणं, ब्रेकची तार बदलणं, फ्रीव्हीलची कटकट, असले विषय. चार वर्षांत १४० लेख झालेत. मध्यंतरी ॲडसेन्स (गुगलची जाहिरातसेवा) मंजूर झालं, हौसेनं जाहिराती लावल्या आणि साइटचा पार विचका झाला. वाचता वाचता मजकूर एकदम खाली उडी मारतो. सर्च कन्सोलमध्ये (साइटमालकांसाठीचं गुगलचं साधन) मोबाइलच्या पानांना लाल शेरा आलाय: सीएलएस, म्हणजे मजकूर किती उड्या मारतो तो आकडा, ०.२५ पेक्षा जास्त.

म्हणून थीमच, म्हणजे साइटच्या रूपाचा तयार साचा, बदलावी म्हणते. ॲस्ट्रा, जनरेटप्रेस आणि केडन्स बघून ठेवल्यात. शिवाय मासिकासारखी दिसणारी एक विकतची थीम आहे, तिच्यावर ‘एसईओ ऑप्टिमाइज्ड, ॲड रेडी’ (गुगलमध्ये वर येण्यासाठी आणि जाहिरातींसाठी तयार) असं ठळक लिहिलंय. डेमोला पेजस्पीडमध्ये, गुगलच्या वेगाच्या चाचणीत, ९८ गुण पडतात. खरं सांगायचं तर जीव त्या चौथीवरच जडलाय. घेऊ का?

कोरा_टॅब

जनरेटप्रेस घ्या, डोळे झाकून. विषय संपला.

तळटीप

डोळे झाकून काहीच घेऊ नका, ताई. माझं जे झालं ते सांगतो.

मीही अशीच एक देखणी थीम घेतली होती. तिच्यात जाहिरातींचे खास रकाने होते: हेडरमध्ये एक, लेखाच्या मध्ये एक, शेवटी एक. कोड चिकटवला की काम झालं. लेखाचं एसईओ शीर्षक आणि वर्णन भरायची सोयही थीममध्येच होती. चौकटी, बटणं, सूचनेचे रंगीत डबे, सगळ्यांसाठी तिचे स्वतःचे शॉर्टकोड, म्हणजे चौकोनी कंसात लिहायच्या खुणा. दोन वर्षं मजेत गेली. मग बनवणाऱ्यांनी अपडेट द्यायचं थांबवलं, वर्डप्रेस पुढे गेलं आणि मला थीम सोडावी लागली. सोडली त्या संध्याकाळी सगळ्या जाहिराती गायब, सगळी वर्णनं गायब आणि साठ-सत्तर लेखांत चौकोनी कंसातला कचरा उघडा पडलेला. तो हातानं वेचायला मला महिना लागला. एका लेखात तर अख्खा तक्ताच कंसात अडकला होता, तो शेवटी नव्यानं लिहिला.

तेव्हापासून माझा नियम: थीमनं फक्त दिसण्याचं बघावं. वर्णनं योस्ट किंवा रँक मॅथ या एसईओच्या प्लगिनमध्ये (वर्डप्रेसला वेगळं जोडायचं साधन), जाहिराती ॲड इन्सर्टरसारख्या प्लगिनमध्ये, चौकटी वर्डप्रेसच्या स्वतःच्या ब्लॉकमध्ये. मग थीम उद्या बदलली तरी काही सांडत नाही. ‘ॲड रेडी’ हा शब्द दिसला की मी आधी विचारतो, थीम काढल्यावर माझा कोड कुठे जाणार?

आता तो ९८चा आकडा. तो डेमोच्या मुखपृष्ठाचा आहे, आणि त्यावर एकही जाहिरात नाही. गुगलवरून येणारा माणूस मुखपृष्ठावर येत नाही, तो थेट ‘ब्रेक का किंचाळतो’ या लेखावर उतरतो. तेव्हा तुमचा सगळ्यात लांब, फोटोंनी भरलेला लेख चाचणीच्या साइटवर टाका, जाहिरातींच्या जागी ३००×२५०चे कोरे डबे ठेवा, आणि मग थीम बघा. मोबाइलवर साइडबार लेखाच्या खाली जाऊन पडतो, म्हणजे तिथली जाहिरात जवळपास कुणी बघत नाही. मेनूचं बटण जाहिरातीला खेटून येतंय का, तेही बघा. चुकून पडलेल्या क्लिकांचे पैसे तर मिळत नाहीतच, वर खातं गोत्यात येतं.

आणखी एक. वरच्या मोठ्या फोटोला काही थीम लेझी लोड लावतात, म्हणजे फोटो गरज पडेल तेव्हाच आणतात. तो फोटो आधी यायला हवा, नेमका तोच उशिरा येतो आणि एलसीपी (पानावरचा सगळ्यात मोठा भाग दिसायला लागणारा वेळ) बिघडतो. वर्डप्रेस ६.३ पासून अशा फोटोला प्राधान्य द्यायची सोय मुळातच आहे, काही थीम ती मोडून ठेवतात.

फुकट मिळणारी ‘नल्ड’ थीम, म्हणजे विकतच्या थीमची चोरीची प्रत, तर चुकूनही नको. आत काय लपवलेलं असतं ते कळेपर्यंत तुमच्या साइटवरून दुसऱ्याच कुणाच्या लिंक निघत असतात.

अर्धविराम

तळटीपरावांचं पटतं, पण मूळ दुखणं बाजूला राहिलं. ताई, मजकूर उडी मारतो तो थीममुळे कमी आणि जाहिरातीला जागा राखून न ठेवल्यामुळे जास्त. डबा आधी शून्य उंचीचा असतो, जाहिरात आली की फुगतो आणि खालचं सगळं ढकलतो. त्या डब्याला सीएसएसमध्ये (पानाचं रूप ठरवणारा कोड) मिन-हाइट, म्हणजे कमीत कमी उंची, २८० पिक्सेल द्या. जाहिरात नाही आली तर पांढरी जागा दिसेल, दिसू दे.

पेजस्पीडची चाचणी पान खाली सरकवत नाही, त्यामुळे लेखाच्या मधल्या उड्या तिथे सापडत नाहीत. क्रोम ब्राउझरच्या डेव्हटूल्समध्ये (पान तपासायची साधनं) परफॉर्मन्स पॅनेल उघडा, मोबाइलचा आकार निवडा आणि लेख शेवटपर्यंत सरकवा. कुठे आकडा चढतो ते कळतं. सीएलएस ०.१ च्या आत, एलसीपी अडीच सेकंदांच्या आत, आयएनपी (क्लिक केल्यावर पानानं प्रतिसाद द्यायला लागणारा वेळ) २०० मिलिसेकंदांच्या आत हवा, आणि तोही चारपैकी तीन भेटींत. आयएनपी जाहिरातींच्या स्क्रिप्टमुळे बिघडतो, तिथे थीम फार काही करू शकत नाही.

आणि हे आकडे हिरवे झाले म्हणून कुणी पहिल्या पानावर जात नाही, गुगल स्वतःच तसं सांगतं. उलट वरचा सगळा पडदा जाहिरातींनी भरलेली पानं खाली ढकलायला त्यांनी २०१२ मध्येच सुरुवात केली. पहिली जाहिरात दुसऱ्या परिच्छेदानंतर टाका.

कोरा_टॅब

बरं, जनरेटप्रेस घ्या, पण डोळे उघडे ठेवून. :)

सुटी_चेन

रविवारचा दिवस यात घातला. चाकाच्या आउटचा लेख घेतला, २२ फोटो आहेत त्यात.

जुन्या थीमवरच डब्यांना उंची दिली आणि वरचा सरकता स्लायडर काढून टाकला. लेख सरकवत मोजलं तर सीएलएस ०.३१ वरून ०.०७. म्हणजे अर्धविराम म्हणतात तेच खरं, इतके दिवस मी बिचाऱ्या थीमला शिव्या घालत होते.

ती चौथी थीम मात्र बाद. डेमो चाचणीच्या साइटवर चढवला तर तिला पाच प्लगिन सोबत हवे होते, आणि देवनागरीसाठी तिनं दोन फॉन्ट प्रत्येकी चार जाडींत ओढले. त्यात वेलांट्या वरच्या ओळीला चिकटत होत्या, कारण ओळींमधलं अंतर लॅटिन अक्षरांच्या हिशेबानं ठेवलेलं. केडन्समध्ये एकच फॉन्ट, दोन जाडी आणि अंतर १.७ केल्यावर तोच लेख नीट दिसला. सध्या जुनी थीमच ठेवते. सर्च कन्सोलमधला आकडा २८ दिवसांच्या भेटींवरून निघतो, तेव्हा महिनाभर काहीच हलवणार नाही, नाहीतर कशामुळे काय सुधारलं ते कळायचं नाही.

तळटीपराव, एक विचारते. माझ्या जुन्या लेखांतही सूचनेच्या डब्यांचे शॉर्टकोड आहेत, साधारण ४० ठिकाणी. ते ब्लॉकमध्ये बदलताना लेखांच्या तारखा बदलतात का?

तळटीप

प्रकाशनाची तारीख तशीच राहते, फक्त ‘शेवटचा बदल’ नवा होतो. आधी बॅकअप घ्या आणि दिवसाला पाच-पाच करा, कंटाळा कमी येतो.