उलटीची भीती: जळगाव-धुळ्याकडे कुणी मदत करणारं आहे का?

नमस्कार ताई-दादांनो. मला उलटीची प्रचंड भीती वाटते. एसटीत कुणी पिशवी मागितली की हातपाय गार पडतात, इअरफोन कोंबून मी पुढच्या थांब्याला उतरून जाते. चाळीसगावहून कन्नड घाटाने जायचं ठरलं की आदल्या दिवसापासून पोटात अन्न नसतं. हिवाळ्यात मळ्यात भरीत-पुरीचा बेत असतो, सगळे पंगतीत बसलेले, आणि मी पुरी उलटून-पालटून बघतेय, तेल कधीचं म्हणून विचारतेय. घरचे म्हणतात, "नखरे आहेत, लिंबू चोख."

याला इमेटोफोबिया म्हणतात आणि त्यावर उपचार आहेत, हे आत्ता कळलं. सीबीटी नावाच्या, बोलून करायच्या मानसोपचारात भीतीला पायरीपायरीने सामोरं जायला शिकवतात म्हणे. सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबरही मिळालाय, पण मला समोर बसून बोलायचंय.

खरी अडचण वेगळीच आहे. आम्हाला मूल हवंय. पण डोहाळ्यांतल्या उलट्यांच्या विचारानेच रात्रभर झोप लागत नाही. नवऱ्याला माहीत आहे, सासूबाईंना कसं सांगू?

जळगाव, धुळे, चाळीसगाव, कुठेही अशा भीतीवर काम करणारे मानसोपचारतज्ज्ञ किंवा समुपदेशक माहीत असतील तर सांगा. आणि कुणी ताई याच भीतीसकट आई झाली असेल, तर तिने पहिले तीन महिने कसे काढले ते मला हवंय, खासगीत लिहिलं तरी चालेल. ओवा-आल्याचे उपाय कृपया नकोत.