मदत हवी आहे : विमानवाल्यांची हार्ले, नेमकी कुठल्या सालची?

नमस्कार मंडळी,

ओहायोत आमच्या शेजारचे आजोबा घर विकून मुलीकडे राहायला चाललेत. गॅरेज रिकामं करताना ताडपत्रीखालची बाईक दाखवून म्हणाले, "हार्ले आहे. चालू केलीस तर तुझी." मी हरखलो, आणि ताडपत्री निघाल्यावर जरा हिरमुसलोच. एकच सिलिंडर, तोही पुढे तोंड करून आडवा झोपलेला. गिअर जुन्या बुलेटसारखा उजव्या पायाला. टाकीवर 'हार्ले-डेव्हिडसन स्प्रिंट', पण इंजिनच्या कव्हरवर 'आएर्माक्की' हेही नाव. माझे इंची पाने एकाही नटाला धड बसेनात.

मग दोन रात्री वाचनात गेल्या. इटलीतल्या वारेसेची ही मूळची माक्की कंपनी, विमानं बनवणारी. १९३४ साली त्यांच्या एम.सी.७२ या पाण्यावरून उडणाऱ्या विमानाने गार्डा सरोवरावर ताशी ७०९ किमीचा वेग गाठला. पिस्टन इंजिनच्या सीप्लेनमध्ये तो विक्रम आजही कोणी मोडलेला नाही! दुसऱ्या महायुद्धानंतर विमानांचं काम थंडावलं, तेव्हा त्यांनी आधी मालवाहू तीनचाकी काढली, मग १९५० च्या सुमारास दुचाकी. (बारामतीत 'आपे' बनवणारी पियाजिओही एकेकाळी विमानं बनवायची. युद्धानंतर तिकडे हा रिवाजच होता म्हणायचा.) अमेरिकेत छोट्या परदेशी बाईक धडाधड खपू लागल्या आणि हार्लेकडे त्या तोडीचं काही नव्हतं, म्हणून १९६० मध्ये हार्लेने माक्कीच्या दुचाकी विभागात निम्मा हिस्सा घेतला. त्यातून ही स्प्रिंट.

आता अडलंय ते असं :

आजोबांकडे कागद नाहीत. साल कसं ओळखायचं? इंजिन जाम आहे, किक हलतच नाही. कुठून सुरुवात करू? आणि एक भाबडी शंका : हा आडवा सिलिंडर विमानाच्या इंजिनावरून सुचला असेल का?

जाणकारांनी कृपया प्रकाश टाकावा.

प्रतिसाद – काळं_ऑइल

भाऊ, आधी मेट्रिक पाने घ्या, इटालियन गाडी आहे ती. इंची पान्याने नटांची डोकी गोल केलीत तर पुढचं सगळं अवघड.

साल : सिलिंडरवरच्या उभ्या पातळ पट्ट्यांना (फिन्सना) लोहचुंबक लावा. चिकटला तर बीड (ओतीव लोखंड), म्हणजे १९६७ च्या आधीचं ६६ × ७२ मिमीचं (सिलिंडरचा व्यास × पिस्टनची धाव) लांब स्ट्रोकचं इंजिन. नाही चिकटला तर नंतरचं, ७२ × ६१ चं. १९६९ पासून ३५० सीसी आली, तीही बघून घ्या.

जाम इंजिन : किकवर उभे राहून उड्या मारू नका. प्लग काढून तेल ओता, पण आधी पुढचं चाक चांगलं वर उचलून टेकू द्या. सिलिंडर आडवा असल्याने, नाहीतर तेल हेडमध्येच साचतं आणि रिंगांपर्यंत पोचत नाही. आठवडाभर विसरून जा.

आडव्या सिलिंडरचा विमानाशी काही संबंध नाही. कारण आहे किमेरा. १९५६ च्या मिलान प्रदर्शनात त्यांनी इंजिनासकट सगळं पत्र्याने झाकलेली ही १७५ सीसीची देखणी बाईक मांडली, आणि त्या पत्र्याखाली मावावं म्हणून सिलिंडर आडवा ठेवला होता. कौतुक खूप झालं, गिऱ्हाईक मात्र मिळेना. मग कंपनीने पत्रा काढून टाकला आणि आतली उघडी बाईक विकायला लागली. ती चालली! तुमची स्प्रिंट त्याच वंशातली. त्यामुळे तिला कमी लेखू नका. पुढे १९७४ ते १९७६ अशी सलग तीन वर्षं इटालियन रेसर वॉल्टर विलाने २५० सीसीचं जगज्जेतेपद हार्लेच्या नावाने जिंकलं, ती टू-स्ट्रोक यंत्रंही वारेसेचीच.

धागाकर्ता

चुंबक चिकटला! म्हणजे १९६७ च्या आधीची. पुढचं चाक लाकडी ठोकळ्यांवर चढवून तेल ओतलंय. बायको विचारतेय, किचनमधला चुंबक कुठे गेला.