बायपासमध्ये पंपावर प्रेशर ६०च, आणि पाणी जवळजवळ ३ लिटर प्लस, हे बरोबर आहे का?

नमस्कार मंडळी, आम्ही निफाडचे, अण्णांची बायपास नाशिकला झाली, आज चौथा दिवस. भाचीने फाईल वाचली, त्यात पंपावर (ऑपरेशनमध्ये हृदयाचं काम करणारं मशीन) प्रेशर ५५ ते ६५ आणि शेवटी बॅलन्स प्लस २८०० लिहिलंय, म्हणजे अंगात २८०० मिली पाणी जास्त. घरी अण्णांचं बीपी १४०/९० असायचं, मग एवढा वेळ ६० वर कसं ठेवलं, किडनीला रक्त कमी पडलं असेल का? ६८ चं वजन ७२ भरलंय, पायावर बोट दाबलं की खड्डा पडतो, आई तर चेहरा बघूनच रडायला लागली. डॉक्टर राऊंडला येतात, होतं असं म्हणतात आणि पुढे जातात.

पंपवाला
दादा, मी हार्ट-लंग मशीनच चालवतो. ते ६० म्हणजे वरचं बीपी नाही. हृदय थांबवलेलं असतं, ठोकाच नसतो, पंप एकसारखा ढकलतो, त्यामुळे वरचं-खालचं न राहता एकच आकडा दिसतो, मीन, म्हणजे सरासरी प्रेशर. १४०/९० चं मीन १०७ च्या आसपास येतं, म्हणजे ६० कमीच, पण पंपावर साधारण ५० ते ८० ठेवतात. तुमच्याकडे बागेला ड्रीप असेलच. सगळे व्हॉल्व्ह उघडले की गेज पडतो पण पाणी जातंच ना, आणि लाईन चोकअप झाली की गेज चढतो आणि झाडं कोरडी. इथेही तसंच, मशीनच्या नळ्यांमध्ये आधीच लिटर-दीड लिटर सलाईन भरलेलं असतं, ते मिसळून रक्त पातळ होतं, प्रेशर उतरतं. आम्ही डिस्चार्ज, म्हणजे मिनिटाला किती रक्त जातं, ते धरून चालतो, अंगाच्या दर चौरस मीटरला मिनिटाला २.२ ते २.४ लिटर, अण्णांच्या अंगाला ४ लिटरच्या आसपास. शिवाय परत येणाऱ्या रक्तातला ऑक्सिजन, लॅक्टेट (अंगाला रक्त कमी पडलं की वाढतं), लघवी यावर नजर असतेच. हां, जुन्या बीपीवाल्याला किंवा मानेच्या नसेत ब्लॉक असेल तर जरा वर ठेवणं मलाही बरं वाटतं, तेवढं भूलवाल्या डॉक्टरांना जरूर विचारा, तुमचा हक्क आहे.

आयसीयूतली ताई
२८०० मध्ये ते नळ्यांतलं पाणी, हृदय थांबवायचं औषध, भुलीतलं सलाईन सगळं आलं. पण ते नसांमध्ये थांबत नाही. रक्त मशीनच्या प्लास्टिकला लागलं की अंगभर दाह होतो, बारीक नसा झिरपतात, म्हणून पेशंट बाहेरून सुजलेला आणि आतून कोरडा असू शकतो, पहिल्याच दिवशी सगळं पाणी ओढलं तर बीपी कोसळतं. दोन-तीन दिवसांनी नसा सावरल्या की लघवी सुटते, लॅसिक्स हे लघवीचं औषध त्यासाठीच. उद्या राऊंडला फक्त क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी, वाढलं तर किडनी सुस्त), २४ तासांची लघवी आणि सकाळचं वजन विचारा. शहाळं विचारल्याशिवाय देऊ नका, किडनी सुस्त असेल तर पोटॅशियम वाढतं, नातेवाईक प्रेमाने आणतात आणि आमची धावपळ होते. आडवं झाल्यावर दम लागला किंवा लघवी कमी झाली तर राऊंडची वाट बघू नका, लगेच सिस्टरला हाक मारा.

प्रश्नकर्ता
ताई, दादा, आज विचारलं. क्रिएटिनिन काल १.५ होतं, आज १.३. लघवी २४०० झाली, वजन ७०.५. डावा पाय अजून सुजलेलाच आहे.

आयसीयूतली ताई
बायपासला लावायची नस त्याच पायातून घेतलीय ना? मग तो मागेच राहणार, काही आठवडेही लागतात. बसताना पाय उंच ठेवा, फक्त पोटरी दुखून लाल-गरम झाली तर लगेच दाखवा.